दूध बंद करू नका : मुलास पत्र

ता. आर्वी, जि. वर्धा
१४ मे

चि. बाबू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन झाला, परंतु तिकडे घाटंजीला, सूनबाईच्या माहेरी, लाइन सारखी जात असल्यामुळे आणि तू कुणाच्या कानावर पडू नये अशा बेताने बोलत असल्यामुळे निम्मे बोलणे राहूनच गेले. मला समजले ते असे, की नात चार दिवसांची झाली असून तिचे डोळे, चेहरा आणि छाती पिवळी दिसत आहे. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा कावीळ तेरा निघाली. डॉक्टरांनी निळ्या दिव्याखाली ठेवण्याची सध्या गरज नाही, आईचे दूध भरपूर पाजा आणि परवा पुन्हा दाखवा, असे सांगितले. आणि घरी परतल्यावर मात्र वडीलधाऱ्यांनी मिळून असे ठरवले, की पिवळेपणा उतरेपर्यंत आईचे दूध बंद ठेवावे आणि तोवर साखरपाणी व शेळीचे दूध द्यावे. या शेवटच्या गोष्टीसाठी हे पत्र आहे. फोनवरचे बोलणे ज्याच्या कानात पडते त्याच्यापुरतेच राहते, कागद मात्र घरात फिरतो. शेजारचा मुलगा याचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवील. सूनबाईला आणि विहीणबाईंना ते वाचायला दे. सूनबाईच्या आजींना तू स्वतः जवळ बसून वाचून दाखव.

आधी करायचे काय ते सांगते. दूध बंद करायचे नाही. एक वेळही चुकवायची नाही, उलट आता पाजता त्याहून जास्त वेळा पाजायचे. शेळीचे दूध आणि साखरपाणी आजपासून थांबवायचे. ज्या डॉक्टरांनी बाळ पाहिले त्यांनी हेच सांगितले आहे, आणि सारी नोकरी उपकेंद्रात काढलेली तुझी आईही हेच सांगते.

आता कारण. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी मोठ्या माणसापेक्षा जास्त असतात आणि त्यांचे आयुष्यही कमी असते. जन्मानंतर त्या मोडू लागतात आणि त्यांतून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. तो बाहेर टाकता येईल अशा रूपात आणणे हे यकृताचे काम. परंतु नवजात बाळाचे यकृत पहिले काही दिवस या कामाला पुरे पडत नाही, म्हणून पिवळेपणा कातडीत आणि डोळ्यांत उतरतो. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी साठेक बाळांना पहिल्या आठवड्यात तो दिसतोच, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांत हे प्रमाण ऐंशीच्या घरात जाते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सुरू होतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि दोन आठवड्यांत ओसरतो. आपली नात नेमकी त्या चढत्या दिवसांत आहे.

हा पिवळा पदार्थ शरीराबाहेर जातो कुठून, हे मात्र आजींना नीट समजावून सांग, कारण घरातला सगळा वाद तिथेच अडला आहे. यकृतातून तो पित्ताबरोबर आतड्यात येतो आणि शीवाटे बाहेर पडतो. बाळाची पहिली काळी, चिकट शी असते ना, तीत तो ठासून भरलेला असतो. ती शी आतड्यात अडून राहिली, तर तिच्यातला पिवळा पदार्थ आतड्यातून पुन्हा रक्तात शोषला जातो आणि कावीळ चढते. आतडे हलते ते पोटात दूध गेल्याने, आणि पहिल्या दिवसांचा घट्ट पिवळसर चीक तर सौम्य जुलाबाच्या औषधासारखा लागू पडतो. दूध कमी पडले की शी कमी होते, शी कमी झाली की कावीळ वाढते, इतका हा हिशेब सरळ आहे. साखरपाण्याने तो सुटत नाही. या काविळीतला पदार्थ पाण्यात विरघळणारा नसल्यामुळे लघवीवाटे धुऊन निघत नाही; पाण्याने फक्त ते इवलेसे पोट भरते, मग बाळ आईला ओढत नाही, आणि बाळाने ओढले नाही की दूधही उतरत नाही. शेळीच्या दुधाचे तर नावच काढू नका. त्यातले क्षार आणि प्रथिने नवजात मूत्रपिंडाला झेपणारी नसतात.

आजी म्हणतात, "दुधातूनच पिवळं उतरून राह्यलं, दोन रोज थांबा, मंग पाहा." त्यांना खोटे पाडण्याच्या भरीस पडू नकोस, कारण त्यांचे म्हणणे अगदीच हवेतून आलेले नाही. अंगावर पिणाऱ्या काही बाळांचा पिवळेपणा पहिल्या आठवड्यानंतरही रेंगाळतो, कधी दोन-दोन महिने राहतो, आणि त्याला दुधातले काही घटक कारणीभूत असतात. अशा बाळांचे दूध एक-दोन दिवस थांबवून पाहा, असा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत असत, आणि दूध थांबवले की आकडा उतरतही असे. पण ती बाळे खाती-पिती, वजन वाढणारी असत आणि त्या पिवळेपणाने त्यांचे काही बिघडत नसे. बिघडत असे ते आईचे, कारण दोन दिवस थांबवलेले दूध पुष्कळ जणींना पूर्वीसारखे परत येत नसे. म्हणून तो सल्ला आता मागे पडला आहे. शिवाय ती गोष्ट पुढच्या आठवड्यांची आहे. चौथ्या दिवशी अंगावरचे बाळ जास्त पिवळे दिसते, ते बहुधा दूध पुरेसे पोटात न गेल्यामुळे.

सूनबाईचे ताट-वाटी वेगळी काढली आहे आणि तिला हळद, तूप, वरण बंद केले आहे, असेही तू ओझरते बोललास. पावसाळ्यात खराब पाण्यामुळे गावात जी कावीळ पसरते ती विषाणूची, आणि ती एकाची दुसऱ्याला लागते. बाळाची ही कावीळ कुणाची कुणाला लागत नाही, आणि आईकडूनही आलेली नाही. हळदीने दूध पिवळे होत नाही आणि तुपाने बाळाचे यकृत बिघडत नाही. नुकत्याच बाळंत झालेल्या पोरीला कोरड्या भाकरीवर ठेवून तिच्याकडून दुधाची अपेक्षा करणे मला बरे वाटत नाही, आणि हे विहीणबाईंनाही पटेल, त्या समजदार आहेत. ताट आत ठेवायला सांग, आणि त्या ताटात वरण, भाजी, जवसाची चटणी, डिंकाचा लाडू, जे घरात असेल ते येऊ दे.

तेरा या आकड्याने तू घाबरला आहेस, म्हणून त्याविषयी दोन शब्द. हा आकडा रक्ताच्या प्रत्येक डेसिलिटरमधल्या मिलिग्रॅमचा आहे, आणि तो एकट्याने काही सांगत नाही. बाळ किती तासांचे आहे आणि किती आठवड्यांचे होऊन जन्मले, हे पाहूनच तो वाचायचा असतो. हाच तेरा पहिल्या चोवीस तासांत निघाला असता, तर मी तुला पत्र लिहीत बसले नसते, गाडी काढायला लावली असती. अडतीस आठवडे भरलेल्या, बाकी ठीक असलेल्या बाळाला चौथ्या दिवशी तेरा निघाले, तर लक्ष ठेवावे लागते, दिवा लागत नाही. डॉक्टरांनी ते पाहूनच सांगितले आहे. दुसरे असे, की आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला, किंवा आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचे असले, तर पेशी फार वेगाने मोडू शकतात. सूनबाईचे कार्ड मी सातव्या महिन्यात पाहिले होते, ती बी पॉझिटिव्ह आहे, तेव्हा ती चिंता आपल्याला नाही. परवाची तपासणी मात्र बाळ बरे दिसले तरी टाळायची नाही. डोळ्यांनी पाहून आकडा कळत नाही, सावळ्या कातडीवर तर मुळीच कळत नाही.

यापुढचा भाग सूनबाईने स्वतः वाचावा.

पोरी, काविळीचे बाळ सुस्त असते. भूक लागली की रडेल, मग पाजू, असे म्हणून वाट पाहशील तर ते झोपूनच राहील, आणि जितके झोपेल तितके अधिक पिवळे, अधिक सुस्त होत जाईल. म्हणून घड्याळ तुझ्याजवळ ठेव. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचे. दिवसा दोन-दोन तासांनी, आणि रात्री तीन तासांच्या वर अंतर पडू द्यायचे नाही. रात्रीचे पाजणे विशेष महत्त्वाचे, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री जास्त वाहते. उठवताना दुपट्यात गुंडाळलेलीच छातीशी घेऊ नकोस. दुपटे सोड, लंगोट बदल, तळपाय अंगठ्याने चोळ, पाठीच्या कण्यावरून बोट खालून वर फिरव, आणि उघड्या अंगाने तुझ्या उघड्या छातीवर ठेव. तरीही डोळे उघडले नाहीत, तर दुधाचे दोन थेंब पिळून तिच्या ओठांवर सोड. बहुतेक वेळा तेवढ्याने जीभ बाहेर येते.

तोंडात नुसती बोंडी जाऊ देऊ नकोस. बाळाचे पोट तुझ्या पोटाला टेकलेले असावे, डोके आणि पाठ एका रेषेत असावी. बोंडीने तिचा वरचा ओठ कुरवाळ, तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडले की झटकन तिला जवळ ओढ. तू पुढे वाकू नकोस, नाहीतर पाठ धरेल. नीट लागली असेल तर तिची हनुवटी छातीत रुतलेली दिसेल, खालचा ओठ बाहेर मुडपलेला असेल आणि बोंडीभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसेल. पहिल्यांदा भराभर ओढेल, मग संथ, खोल ओढेल आणि गिळल्याचा बारीक आवाज येईल. आवाज थांबला, डोळे मिटले, की छाती हाताने हळूच दाबून धर, म्हणजे दूध तोंडात येते आणि ती पुन्हा ओढू लागते. एक बाजू पुरती रिकामी होऊ दे, मग दुसरी दे. दुखत असेल, चिरा पडल्या असतील, तर पकड चुकते आहे असे समज. करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडव आणि पुन्हा लाव.

इतके करूनही ती ओढत नसेल, तर दूध हाताने काढ. स्टीलची वाटी आणि चमचा पाण्यात उकळून घे. अंगठा काळसर भागाच्या वरच्या कडेला, बोटे खालच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाब दे आणि मग दोन्ही एकमेकांकडे दाब. बोटे कातडीवर घासू नकोस. पहिली दोन-तीन मिनिटे काही येणार नाही, थांबू नकोस. चार दिवसांत वाटी भरून दूध निघेल अशी आशा कुणी धरू नये, तेवढे तिला लागतही नाही. जे निघेल ते लगेच चमच्याने, बाळाला थोडे उभे धरून, ओठाच्या कडेने घोट-घोट पाज. या दिवसांत काढलेले दूध बाहेर ठेवून देण्यासारखी हवा नाही. बाटली आणू नका. आणि तुझे दूध कमी आहे, पातळ आहे, असे कुणी म्हणाले, तर उत्तर देण्यात शीण घालवू नकोस. त्याचे उत्तर बाळाचे लंगोट देतात.

बाबू, लंगोटांचे काम तुझे. चार दिवस झाल्यावर काळी शी संपून ती हिरवट आणि मग मोहरीसारखी पिवळी व्हायला हवी, आणि दिवसाकाठी तीन-चार वेळा तरी व्हायला हवी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून लघवीचे लंगोट दिवसरात्र मिळून सहा किंवा त्याहून अधिक, आणि लघवी पाण्यासारखी फिकी. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत रेघा ओढत जा. आजींना हे काम दिलेस तर उत्तमच: त्यांना रेघा मोजता येतात, आणि बाळासाठी काहीतरी करायला मिळाले की साखरपाण्याची वाटी आपोआप हातातून खाली ठेवली जाईल. वजनाचे म्हणशील, तर जन्मतः दोन किलो आठशे होते आणि काल दोन किलो सहाशे वीस भरले, म्हणजे एकशे ऐंशी ग्रॅम उतरले. पहिल्या आठवड्यात शंभराला सातपर्यंत उतरणे नेहमीचे, आणि हे साडेसहाच्या आत आहे. दहाच्या वर गेले तर ते काळजीचे. अशा वेळी डॉक्टर काढलेले दूध, आणि तेही पुरले नाही तर थोडे दिवस वरचे दूध मोजून द्यायला सांगू शकतात. ते सांगितले तर द्यावे, त्यात सूनबाईची हार नाही, मात्र ते अंगावर पाजून झाल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. उतरलेले वजन दहा ते चौदा दिवसांत भरून निघायला हवे. तिसऱ्या दिवशी येऊन गेलेल्या आशाताई सातव्या दिवशी पुन्हा येतील, पुढे चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी; त्यांच्याकडे वजनकाटा असतो, तो सोडू नकोस. घरोघर जाऊन नवजात बाळ पाहण्याची ही रीत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या खेड्यांत, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून उभी केली आणि पुढे ती देशाने उचलली. पिवळेपणा पहिल्यांदा आशाताईंनीच ओळखला, हे विसरू नका, नाहीतर आपल्याकडे आशा म्हणजे पोलिओची पोरगी असेच समजतात.

आता उन्हाळ्याचे. पारा पंचेचाळिसावर असताना 'लेकराचा घसा कोरडा पडला असन, पाणी पाजा' असे वाटणे साहजिक आहे, पण आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते आणि भर वैशाखातही बाळाला वरून थेंबभर लागत नाही. पाणी लागते ते सूनबाईला. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, नाहीतर अंगाला सूज येते, ही समजूत या दिवसांत फार घातक आहे. तिच्या बाजेजवळ मडके भरून ठेव आणि प्रत्येक वेळी पाजायला बसली की तिला पेला दे. बाजेखालची शेगडी बंद करा. पत्र्याच्या खोलीत दुपारी ठेवण्यापेक्षा सपरीत, कूलरचा झोत थेट अंगावर येणार नाही अशा बाजूला दोघींना निजवा. उन्हाने तापून बाळाच्या अंगातले पाणी आटले, तर कावीळ वाढते.

त्याच कारणाने बाळाला उन्हात धरण्याचा उपाय मला मान्य नाही. त्यामागची कल्पना चुकीची नाही, उलट दिव्याचा उपचार उन्हातूनच निघाला, आणि तो आमच्या एका नर्सच्या लक्षात आला याचा मला आजही अभिमान वाटतो. इंग्लंडात एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊन असले की बाहेर आवारात नेत असत. १९५६ च्या उन्हाळ्यात त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले, ज्याचे अंग फिके झाले होते आणि चादरीच्या कोपऱ्याखाली झाकून राहिलेला तिकोनी तुकडाच तेवढा पिवळा उरला होता. त्यावरून डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवे तयार केले आणि १९५८ साली ते काम छापले. निळ्या प्रकाशाने कातडीतल्या बिलिरुबिनचे रूप पालटते, मग ते यकृताची वाट न पाहता पित्त आणि लघवीवाटे निघून जाते. पण तो परिणाम होण्यासाठी बाळ जवळजवळ उघडे, तासन् तास, ठरावीक ताकदीच्या प्रकाशात असावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी आठला अंगण तापते; दहा मिनिटे उन्हात धरून कावीळ उतरत नाही, आणि जास्त वेळ धरले तर कातडी भाजते. एसेक्सचे ऊन वेगळे, घाटंजीचे वेगळे.

घुटी, मध, ग्राइप वॉटर, काविळीची माळ, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळे उतरवून दाखवणारे बाबा, यांपैकी माळ गळ्यात न बांधता खुंटीला अडकवली, तर माझी काही हरकत नाही. बाकी काहीही बाळाच्या तोंडात जाऊ नये. मधातून तर लहान बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. आणि तापल्या सळईने डाग देण्याची गोष्ट कुणी नुसती काढली, तरी तू बाळ आणि सूनबाई दोघींना घेऊन सरळ निघून यायचे, मग कुणाला काय वाटेल ते वाटो.

धोका कधी, ते आता लक्ष देऊन वाच. सकाळी बाळाला दाराशी, उजेडात घेऊन ये. बल्बखाली सगळेच पिवळे दिसते. कपाळ, छाती, मांडी, नडगी आणि शेवटी तळपाय, असे एकेका जागी बोटाने दाबून सोड आणि दाबलेली जागा पांढरी दिसते की पिवळी ते पाहा. पिवळेपणा वरून खाली उतरत जातो. तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर परवाची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठायचा. वर सांगितलेले सगळे करूनही बाळ उठत नाही, सलग दोन वेळा ओढत नाही, अंग लुळे पडले किंवा उलट मान-पाठ मागे कमानीसारखी ताठ होते, रडणे चिरके आणि कर्कश झाले, ताप आला किंवा अंग गार पडले, झटका आला, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करायचा. लहान बाळांसाठी १०२ ची गाडीही येते. वाटेत बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवायचे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेण्याची वेळ आली, तर खर्चाच्या विचाराने पाय मागे घेऊ नकोस; जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचा उपचार, तपासण्या आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे.

तिथे दिव्याखाली ठेवले, तर डोळ्यांवर पट्टी आणि अंगावर फक्त लंगोट असेल. पाहून कुणी रडू नका. दर दोन-तीन तासांनी बाहेर काढून अंगावर पाजायचे असते, आणि तिथल्या ताईंनी विसरून गेल्यास सूनबाईने मागून घ्यायचे. शी पातळ, हिरवट होईल, ती जुलाबाची नाही. आकडा फारच चढला, तर बाळाचे रक्तही बदलतात. हे सगळे वेळेत झाले, तर बाळ पूर्ण बरे होते. वेळेत न झाल्यास हाच पिवळा पदार्थ मेंदूत शिरतो, आणि तिथे गेला की परत काढता येत नाही. माझ्या उपकेंद्राखालच्या एका गावात असे मूल होते. दूध थांबवलेले, साखरपाण्यावर ठेवलेले, माळ बांधलेली, आणि बाळ शांत झोपते म्हणून घरचे समाधानी. ते मूल जगले. त्याला ऐकू येत नसे, हातपाय आपोआप पिळवटत, आणि नजर वर उचलता येत नसे. त्याच्या आईला कुणी दोष दिला की माझा राग अनावर होई, कारण दूध बंद करण्याचा निर्णय तिचा नव्हताच. तिला विचारले कुणी होते? म्हणून हे पत्र मी सूनबाईला न लिहिता तुला लिहिते आहे. माहेरी असली, तरी चार दिवसांची बाळंतीण आजीसमोर किती बोलणार? तू बोल. आवाज न चढवता, पण बोल.

पुढच्या दिवसांसाठी एवढे ध्यानात ठेव. चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला, तर बाळ कितीही गुटगुटीत दिसले तरी एकदा डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायचे. बहुतेकदा ती दुधामुळे रेंगाळणारी निरुपद्रवी कावीळच निघते आणि पाजणे तसेच चालू राहते. मात्र शी पांढुरकी, खडूसारखी दिसली, किंवा लघवीचा लंगोटावर पिवळा डाग राहू लागला, तर एक दिवसही थांबायचे नाही. त्यात पित्ताची नळी बंद असण्याचा संभव असतो, आणि त्याची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर सर्वांत चांगली साधते. अशी शी दिसली, तर लंगोट धुऊ नका, तसाच डॉक्टरांना दाखवा.

परवाच्या तपासणीचा कागद आणि त्या दिवशीचे वजन मला कळव. विहीणबाईंना व व्याह्यांना नमस्कार, आजींना साष्टांग नमस्कार. सूनबाईस आणि नातीस आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. बारशासाठी पेटीतली जुनी झबली, कुंची, दुपटी काढाल. त्या पेटीत डांबराच्या गोळ्या असतील, तर ते कपडे बाळाच्या अंगाला लावू नका. आपल्या भागात काही घरांत रक्तातले एक विकर जन्मतःच कमी असते, ते वरून दिसत नाही, आणि अशा बाळाला त्या गोळ्यांच्या नुसत्या वासानेही तांबड्या पेशी एकदम मोडून कावीळ भडकते. सुती जुन्या लुगड्याची धुतलेली दुपटी पुरेत.